चोर सोडून सुईला फाशी

वाचकांचं पत्र

डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. बीपीची गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. खालची एक दाढ पार किडली आहे, गाल दोनदा सुजून गेला. डेंटिस्ट म्हणतात, आता काढावीच लागेल. अडचण अशी की 18 वर्षांपूर्वी दाढेसाठीच सुन्न करायचं इंजेक्शन घेतलं, तेव्हा मिनिटाभरात त्यांची छाती धडधडू लागली, हात कापायला लागले, घामाने पोलकं भिजलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवशी त्यांची संकष्टी होती. खुर्चीतच आडवं केलं, वीसेक मिनिटांत बरं वाटलं. त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईने 'झायलोकेनची ॲलर्जी' असं लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून देवघराच्या खणात आहे. मागे विळीवर बोट कापलं, तेव्हा त्यांनी सुन्न न करताच टाके घेतले. तीन वर्षांपूर्वी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा घाईत आम्ही ॲलर्जीचं सांगायचंच विसरलो, पण काही झालं नाही. आता डेंटिस्ट म्हणतात, पूर्ण भूल देऊन काढावी लागेल. हे म्हणतात, दवाखान्यातच हातावर टेस्ट करून घेऊ. सासूबाई म्हणतात, तशीच ओढा. तोवर मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणतो. त्याने आराम पडतो, फक्त तासा-दोन तासांनी त्यांचे ओठ सुजतात. त्या म्हणतात, पित्त आहे. आम्ही काय करावं?

— एक सून, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातला तीन चतुर्थांश भाग सुईबद्दल आहे आणि गोळीबद्दल दोन-तीन वाक्यं. मी मात्र ती शेवटची वाक्यंच पुन्हा पुन्हा वाचली. सुईचं पुढे सविस्तर लिहितो, पण आज संध्याकाळपासून काय करायचं ते आधी सांगतो. ती दुखण्याची गोळी बंद करा. तिचं नाव शोधा, आणि सासूबाई बीपीची कोणती गोळी घेतात तेही पाहा.

गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजणं याला आपल्याकडे पित्त म्हणतात आणि वर कोकमाचं सरबत देतात. एकदा झालं असतं तर मीही फार मनावर घेतलं नसतं. दर वेळी त्याच गोळीनंतर होत असेल, तर तो औषधाचाच परिणाम असण्याची शक्यता मोठी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सगळी एकाच पद्धतीने काम करणारी औषधं आहेत. ज्यांना त्यातल्या एकाने ओठ किंवा पापण्या सुजतात, त्यांना बरेचदा दुसऱ्यानेही सुजतात, कारण भांडण एका रेणूशी नसून त्या काम करण्याच्या पद्धतीशी असतं. म्हणून 'ही चालत नाही, दुसरी द्या' असं मेडिकलवर सांगून भागत नाही. दुसरी बहुधा तिचीच बहीण निघते. त्यात पुन्हा मेडिकलवाले कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतात आणि नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं, हेही अनेकांच्या गावी नसतं.

बीपीच्या गोळीचं नाव विचारलं ते यासाठी: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या गोळ्यांनी काही लोकांचे ओठ, जीभ, चेहरा सुजतो. खाज नसते, गांध्या उठत नाहीत, नुसती सूज येते. गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू असतानाही हे अचानक सुरू होऊ शकतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. सासूबाईंची गोळी या गटातली निघाली, तर पुढची गोळी घेण्याआधीच फिजिशियनना भेटा आणि बदलून घ्या. मनाने मात्र बंद करू नका, बीपी चढलेलं असताना दाढ काढणं हे दुसरं दुखणं होऊन बसेल. आणि सूज जिभेवर आली, आवाज घोगरा झाला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका. 108 ला फोन करा किंवा गाडीत घालून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

तोवर दाढ दुखली तर साधी पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर. गोळी नुसत्या पॅरासिटामॉलचीच आहे ना, हे पट्टीवर वाचून घ्या. एका वेळी दोन घेऊ नका. ज्यांना वरच्या गटाचा त्रास आहे त्यांच्यातल्या काहींना पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसानेही त्रास होतो. लवंग दाढेखाली धरायला हरकत नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायचा एक जुना उपाय आहे, तो कुणी सुचवला तर करू नका. एक तर त्याने हिरडी भाजते, आणि तुमच्या घरात तर ॲस्पिरिनच नको.

आता त्या लाल शाईकडे येऊ.

18 वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं तुम्ही जे वर्णन केलं आहे, ते मी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरच्या दारात ऐकत आलो आहे. भूलतज्ज्ञाला पेशंट दोन गोष्टी हमखास सांगतो, एक म्हणजे काल रात्री झोप नाही आली आणि दुसरी म्हणजे मला अमुक इंजेक्शन सोसत नाही. दुसरं ऐकलं की आम्ही एकच विचारतो, 'नक्की काय झालं होतं?' कारण चिठ्ठीवरच्या शब्दापेक्षा त्या पाच मिनिटांची हकिकत जास्त सांगून जाते.

सासूबाईंची हकिकत पाहा. धडधड, हातांना कंप, घाम, अंधारी, आणि आडवं केल्यावर वीस मिनिटांत सगळं जागेवर. अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, ओठ सुजले, धाप लागली, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. खरी ॲलर्जी मुख्यतः या दुसऱ्या यादीने ओळखू येते. पहिल्या यादीला कारणं दुसरी असतात आणि त्यांच्या बाबतीत ती एकाच वेळी दोन-तीन जमली असावीत.

एक कारण कुपीतच असतं. दातांसाठी वापरतात ते औषध म्हणजे लिग्नोकेन, झायलोकेन हे त्याचंच बाजारातलं नाव. त्यात बहुतेक वेळा ॲड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर शरीर स्वतः सोडतं तेच द्रव्य, मिसळलेलं असतं, आपल्याकडे सहसा 80 हजारांत 1 किंवा 2 लाखांत 1 या प्रमाणात. त्याने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच टिकतं, बधिरपणा जास्त वेळ राहतो आणि रक्तही कमी जातं. पण सुईचं टोक चुकून बारीकशा रक्तवाहिनीत गेलं, तर तेच ॲड्रेनालिन थेट रक्तात उतरतं आणि मिनिटाभरात छातीत ढोल वाजायला लागतात. थोड्या वेळात त्याचा असर उतरतो. म्हणूनच औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतं का ते बघायचं असतं, आणि औषध सावकाश सोडायचं असतं.

दुसरं कारण शरीराचं स्वतःचं. सुई पाहून घाबरलेला माणूस आपलं ॲड्रेनालिन आपणच तयार करतो. काही जणांचं त्यानंतर उलटं होतं, नाडी मंदावते, बीपी उतरतं, घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय वर करून आडवं केलं की रक्त डोक्याकडे येतं आणि माणूस सावरतो. आणि तिसरं कारण तुम्हीच लिहून ठेवलंय: संकष्टी. दिवसभर उपाशी बाई, दाढ ठणकतेय, रात्रीची झोप नाही आणि वर खुर्चीत बसून सुईची वाट बघतेय. अशा वेळी तिशीतला पहिलवानही कोसळतो.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पेशंट डोळ्यांदेखत पांढरी पडल्यावर सावधगिरी म्हणून लिहिलं, ते समजण्यासारखं आहे. खटकतं ते पुढचं. इतक्या वर्षांत त्या शब्दाची कुणी उलटतपासणी केली नाही आणि एका बाईने शुद्धीत, काही न लावता बोटाला टाके घालून घेतले.

लिग्नोकेनला खरी ॲलर्जी असणं मुळात फार दुर्मीळ आहे. इतिहासात डोकावलं तर भीती कुठून आली ते कळतं. जागा बधिर करण्याची सुरुवात 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून केली. 1905 पासून प्रोकेन वापरात आलं. प्रोकेनच्या कुळातली औषधं शरीरात फुटताना एक असा घटक तयार होतो की त्याने काहींना खरोखर ॲलर्जी व्हायची. लिग्नोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी 1943 मध्ये बनवलं, ते वेगळ्याच कुळातलं, त्यात तो घटक तयारच होत नाही. जुन्या औषधाचं बालंट नव्याच्या माथी राहिलं, ते अजून उतरलेलं नाही.

मग लिग्नोकेनच्या इंजेक्शननंतर कुणालाच गांध्या उठत नाहीत का? क्वचित उठतात, आणि तेव्हा आधी कुपीतल्या बाकीच्या ऐवजाकडे बघायचं. दवाखान्यांत जी 30 मिलिलिटरची मोठी कुपी अनेक पेशंटसाठी वापरतात, ती टिकावी म्हणून तिच्यात मेथिलपॅराबेन घातलेलं असतं. त्याची रचना त्या जुन्या त्रासदायक घटकासारखी आहे. ॲड्रेनालिन असलेल्या औषधात ते खराब होऊ नये म्हणून मेटाबायसल्फाइट असतं, ते दम्याच्या काही पेशंटना सोसत नाही. (सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी हा निराळा विषय आहे, नावातल्या साम्यावर जाऊ नका.) शिवाय डॉक्टरांच्या हातमोज्यांतलं रबर असतं, आणि त्याच भेटीत दिलेलं अँटिबायोटिक किंवा पेनकिलर. दोष सगळ्यांचा, नाव मात्र सुईचं, कारण ती दुखते आणि लक्षात राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, आणि तीही तुम्ही जाता जाता लिहून गेलात: मोतीबिंदू. तीन वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड घरात असेलच, नसेल तर त्या हॉस्पिटलला ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. डोळा बधिर करायला डोळ्याच्या बाजूला सुई दिली होती की नुसते थेंब घातले होते, एवढं त्यातून काढायचं आहे. सुई दिली असेल तर त्यात सहसा लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन (तसंच बधिर करणारं दुसरं औषध) यांचं मिश्रण असतं. तसं लिहिलेलं सापडलं तर प्रश्न जवळजवळ सुटला. ज्या औषधाला सगळे इतकी वर्षं घाबरत होते, ते सासूबाईंनी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चहा घेऊन घरी आल्या. नुसते थेंब असतील तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, कारण ते थेंब सहसा दुसऱ्या कुळातले असतात. घरात कुणी मूळव्याधीचं मलम लावलं असेल तर तेही आठवून बघा, त्यातल्या अनेकांमध्ये लिग्नोकेन असतं.

एवढं लिहूनही 'ॲलर्जी नाही, बिनधास्त जा' असं मी पत्रातून म्हणणार नाही. क्वचित एखाद्याला त्वचेवर काहीही न उठता नुसतं बीपी पडून खरी रिॲक्शन येते. शिवाय 18 वर्षांपूर्वीची आठवण घरातल्या प्रत्येकाची वेगळी असते. सासूबाईंना शेजारी बसवून विचारा: खाज सुटली होती का, घसा आवळला होता का, उलटी झाली होती का? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तो कागद, लाल शाईची चिठ्ठी आणि मोतीबिंदूचं कार्ड घेऊन एखाद्या भूलतज्ज्ञाला किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. इंदुरात एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ असतात, आणि शासकीय दंत महाविद्यालयही इथे आहे. खाजगीत जायचं असेल तर ज्या डेंटिस्टकडे भूलतज्ज्ञ येतात असे बघा.

तुमच्या यजमानांची हातावर टेस्ट करायची कल्पना चांगल्या मनाची आहे, पण तशी नको. हातावर थेंबभर औषध टोचायचं, लाल झालं का बघायचं आणि निकाल द्यायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. सुईच्या टोचण्यानेही कातडी लाल होते, आणि औषधात ॲड्रेनालिन असेल तर ती पांढरी पडते. दोन्हीकडून फसगत. नीट टेस्ट म्हणजे ॲड्रेनालिन आणि प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकावं म्हणून घालतात तो घटक) नसलेलं औषध घ्यायचं. आधी कातडीवर थेंब ठेवून ओरखडा काढायचा, मग पातळ केलेलं औषध कातडीत टोचायचं. काही झालं नाही तर कातडीखाली थोडं, मग आणखी थोडं, असं मात्रा वाढवत न्यायचं, दर टप्प्यानंतर वाट बघायची. शेवटच्या मात्रेपर्यंत पेशंट ठीक राहिली की ते औषध तिला चालतं, हा खरा निकाल. आणि हे सगळं जिथे ऑक्सिजन, रिॲक्शन आलीच तर उपचार म्हणून द्यायचं ॲड्रेनालिन आणि ते हाताळणारी माणसं आहेत तिथेच.

पूर्ण भूल हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नाही. एका दाढेसाठी 67 वर्षांच्या बीपीच्या पेशंटला बेशुद्ध करायचं म्हणजे तपासण्या, उपाशी राहणं, खर्च आणि भुलेची स्वतःची जोखीम. लिग्नोकेन खरोखरच चालत नाही असं टेस्टमध्ये निघालं, तरी बधिर करायची दुसरी औषधं आहेत, ती तपासून वापरता येतात.

आणि सासूबाईंना माझा निरोप सांगा: 'तशीच ओढा' हे शौर्य कृपा करून नको. दाढ तशीच ओढताना त्यांचं शरीर जेवढं ॲड्रेनालिन सोडेल, ते डॉक्टरांच्या सिरिंजमधल्यापेक्षा जास्त असू शकतं आणि त्याला मोजमाप नसतं. बीपीच्या पेशंटला ते परवडत नाही.

दाढ काढायचा दिवस ठरवताना डेंटिस्टना जे सांगायचं त्यातलं थोडं इथे लिहितो. गालावर सूज, आत पू असेल तर तो भाग आम्लधर्मी होतो आणि तिथे लिग्नोकेनचा अंमल नीट बसत नाही. 'सुई दोनदा दिली तरी दुखलंच' ही तक्रार बहुतेक अशा दाढांची असते. म्हणून आधी पू काढून किंवा अँटिबायोटिक देऊन सूज उतरवायची की कसं, ते डॉक्टरांना ठरवू द्या. अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. इंजेक्शनसाठी मोठ्या कुपीऐवजी कार्ट्रिज (एकाच पेशंटपुरती औषधाची बंद नळी) किंवा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली, एकदाच वापरायची छोटी कुपी मागा, त्यात कुणी डॉक्टर राग मानणार नाही. ॲड्रेनालिन पूर्ण टाळायचीही गरज नसते. बीपी आटोक्यात असेल तर थोडं चालतं, हृदयाच्या पेशंटना एका वेळी 0.04 मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे 80 हजारांत 1 असलेलं औषध साधारण 3 मिलिलिटर. खुद्द लिग्नोकेनची मर्यादा, ॲड्रेनालिनसोबत, किलोमागे 7 मिलिग्रॅम. सासूबाई 55 किलोंच्या असतील तर 385 मिलिग्रॅम होतात, म्हणजे 2 टक्क्यांचं औषध 19 मिलिलिटर. एका दाढेला त्याचा लहानसा भागच लागतो, तेव्हा औषध जास्त होईल ही काळजी सोडा.

वेळ सकाळची घ्या. बीपीची गोळी, नाश्ता, सगळं करून जायचं. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा, चतुर्थी किंवा एकादशी नको. इंजेक्शन अर्धवट आडवं करून घ्यायचं, आणि सुई टोचायच्या आधी डॉक्टरांनीच सांगावं की थोडं धडधडेल आणि थांबेल. आधी सांगितलेली धडधड निम्मी होते. ओठ दोन-तीन तास जड राहतो, तेवढा वेळ गरम चहा नको, चावणं नको, नाहीतर बधिर ओठ दाताखाली येतो आणि कळतही नाही. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, पहिला दिवस चुळा भरायच्या नाहीत. रक्त पातळ करायची गोळी कुणी सुरू केली असेल तर तेही आधीच सांगा, आपली आपण बंद करू नका.

आणि नंतरच्या दुखण्यासाठी डेंटिस्ट सवयीने जी चिठ्ठी लिहितील, त्यात बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असेल. ओठांची सूज त्यांना चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा, मेडिकलच्या काउंटरवर नव्हे.

सगळं पार पडलं की देवघरातली चिठ्ठी बदलायची. ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांच्याकडून नव्या कागदावर लिहून घ्या: कोणत्या तारखेला, लिग्नोकेनचं कोणतं औषध, किती मिलिलिटर दिलं, काय झालं किंवा काही झालं नाही. त्याखाली दुसरी ओळ: कोणत्या पेनकिलरने ओठ सुजले, किती वेळाने, आणि बीपीची गोळी बदलली असेल तर कोणती बंद केली. त्याचा फोटो तुमच्या आणि यजमानांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू आज ना उद्या काढावा लागेलच, तेव्हा या खेपेला विसरू नका, पहिल्याच भेटीत तो कागद दाखवा.